डॉक्टरांच्या मोटारसायकलची चावी

गॅरेजमधल्या गाड्या दुरुस्त होऊन जातात, त्यांचे किस्से मात्र जाता जात नाहीत. पनवेलला हसनमियांच्या गॅरेजात मी कामाला होतो तेव्हाचे निम्मे किस्से एकाच गाडीचे आहेत. गाडी डॉक्टर टिपणिसांची. लष्कराने डिस्पोजलमध्ये विकून टाकलेली छोटी मोटारसायकल. रस्ता संपला की ती शेताच्या बांधावरून, चिखलातून जायची. आसपासच्या गावांत कोणी अडलं-नडलं की डॉक्टर तिच्यावरूनच निघायचे.

तिचा रोग एकच. इंजिनाच्या दांड्यावर फ्लायव्हील हे जड चाक बसतं, ते सरकू नये म्हणून दांड्याच्या खाचेत अर्ध्या चंद्रासारखी लोखंडी चावी असते. ती सारखी तुटायची. चावी तुटली की ठिणगी भलत्याच वेळी पडायची आणि गाडी फटकन आवाज काढून गप्प.

पहिल्यांदा ती आली तीच बैलगाडीतून. मोटारसायकल आडवी घातलेली, शेजारी गुडघ्यापर्यंत चिखल लागलेले डॉक्टर. गाडीवान खाली उतरला आणि हसनमियांना म्हणाला, "दोगांना आनलंय. आजारी कोन हाय ते तुमीच बगा."

आम्ही नवी चावी घातली. तीही तुटली. मग हे नेमाचंच झालं.

डॉक्टर तुटलेले तुकडे दवाखान्यात एका बाटलीत टाकून ठेवायचे. एकदा एक म्हातारबाबा पोट धरून आले. त्यांची नजर बाटलीवर गेली.

"डाक्टर, ये खडे कोनाच्या पोटातनं काडलं?"

"मोटारसायकलच्या," डॉक्टर म्हणाले.

म्हातारबाबांनी पोटावरचा हात काढला. मग म्हणाले, "मंग माजं राहू द्या. आता बरं वाटतंय."

शेवटी हसनमिया इरेला पेटले. जुनी कानस घासून त्यांनी पोलादाची कडक चावी बनवली. "अब ये टूटेगी नहीं, डॉक्टरसाब."

चावी खरंच तुटली नाही. तिने दांड्यावरची खाचच कुरतडली.

डॉक्टर वाकून बघत म्हणाले, "मियाँ, दुखणं बरं नाही झालं. त्याने फक्त जागा बदलली."

हसनमिया हसले नाहीत. त्यांनी दांडा साफ पुसला, कपड्याची नीळ कालवून त्याच्या निमुळत्या टोकाला लावली आणि फ्लायव्हील बसवून परत काढलं. नीळ फक्त काठाला पुसली गेली होती. म्हणजे फ्लायव्हील नीट बसतच नव्हतं, आणि त्याचा सगळा जोर बिचाऱ्या चावीवर येत होता.

"खुब्याचा सांधा नीट बसला नाही की असंच होतं," डॉक्टर म्हणाले.

मग दोघं भिडले. व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावून फ्लायव्हील त्या टोकावर फिरवत राहिले. एकाचे हात दुखले की दुसरा. नीळ सगळीकडून सारखी पुसली जायला लागली तेव्हा कुठे थांबले. खाच भरून नवी कापली, साधी चावी घातली, नट कचकचून आवळला. पुढे ती चावी कधी तुटली नाही.

पण लोकांना हे कसं पटावं? त्यानंतर लगेचच विचुंब्याहून बोलावणं आलं. पहिलटकरीण अडली होती. वाटेत गाडीला काही झालंच तर, म्हणून हसनमियांनी मला मागे बसवून दिलं. दारात पोहोचलो आणि डॉक्टर गाडी बंद करायला गेले, तर घरची आजी आडवी आली.

"बंद नका करू. मागं आमच्या बांदावर बंद परली ती उटलीच नव्हती. पोरीला पनवेलला न्यावं लागलं तं?"

डॉक्टर आत धावले. मी अंगणात एक्सिलरेटर धरून उभा. गाडी धडधडतेय, अंगणभर इतका धूर की दारही दिसेना, कोंबड्या केव्हाच पळाल्यात. पोरीचा नवरा माझ्यासमोर उकिडवा बसलेला, डोळे दाराकडे. बराच वेळ गेला. त्याचा चेहरा उतरत चालला, आणि माझाही.

तेवढ्यात पेट्रोल संपलं. गाडी थांबली.

आतून बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता. आजी दारात उभी होती, घसा बसलेला.

"पोरगा झाला कवाच," ती म्हणाली. "मी इतनं बोंबलतंय, तुमी कुटं हाव?"