उजव्या वळणाची भीती

माझी धाकटी बहीण रेसिंग कार चालवते आणि त्या कारच्या सस्पेन्शनची जबाबदारी माझ्यावर असते. लग्नकार्यात सांगायला हे बरं वाटतं. पुण्याचे नातेवाईक 'अरे वा' म्हणतात आणि पुढची जिलबी घेतात. ग्रेटर नोएडाच्या ट्रॅकवर ती नजरेआड गेली की भिंतीला टेकून नुसता आवाज ऐकत उभं राहायचं म्हणजे काय, ते मात्र मी कोणाला सांगत नाही.

पोटापाण्यासाठी मी मानेसरच्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासतो, ती नोएडात आयटीत आहे. राहतो आईबाबांसोबत, दिल्लीत मयूर विहारला. शनिवार-रविवार आम्ही दोघं एका छोट्या टीमचे. गाडी टीमनेच घडवलेली, एका माणसाची, उघड्या चाकांची. गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर ती बिघडली. बंद पडली असती तर मी पेढे वाटले असते. ती चालत होती, फक्त वेगात उजवीकडे वळताना तिची मागची बाजू अचानक सुटायची.

"दादा, मागून जाते रे. बिल्कुल वॉर्निंग नाही. पकड आहे, आहे, आणि मग नाहीच."

भीती वाटली की माझी बहीण बडबड करते. त्या दिवशी हेल्मेट काढल्यापासून ती ऑफिसमधल्या एसीबद्दल बोलत होती.

आमचे टीमप्रमुख भला माणूस, पण त्यांचा विश्वास कॉम्प्युटरवर. स्क्रीनवर त्यांनी मला आलेख दाखवला. त्या उजव्या वळणाच्या आधी प्रत्येक फेरीत तिचा पाय ॲक्सिलरेटरवरून उचललेला दिसत होता. "गाड़ी में कुछ नहीं है," ते म्हणाले, "मैडम डर रही हैं, बस." ती घाबरलेली होती हे खरंच होतं. मला फक्त एवढंच कळत नव्हतं, की ती घाबरते म्हणून गाडी हळू जाते, की गाडीत काही आहे म्हणून ती घाबरते. पहिलं असेल तर तिचा हंगाम बुडणार होता. दुसरं असेल तर माझी बहीण जाणार होती.

मी माझ्या परीने सगळं केलं. टायरमधली हवा कमी-जास्त केली. मागचा पंख जास्त तिरका केला, म्हणजे वारा गाडीची मागची बाजू खाली दाबेल. मागच्या स्प्रिंगा मऊ केल्या. सांगाड्याचा आराखडाच चुकला असेल, वळणावर मागच्या नळ्या वाकत असतील, या संशयाने एक आडवी नळी वेल्ड करून घेतली. दर वेळी उजवीकडे थोडा फरक पडायचा आणि डावीकडे नवीनच तक्रार सुरू व्हायची. आता म्हणे डावीकडे गाडीचं नाकच वळत नाही.

"अब लेफ्ट में भी प्रॉब्लम?" टीमप्रमुखांनी मला विचारलं, तिला नाही.

घरी बाबांनी जेवताना तिला चिडवलं, "नाचता येईना, अंगण वाकडं." बाबा केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेत. कारण सांगणारी माणसं त्यांनी आयुष्यभर पाहिलीत. ती हसली आणि आमटी वाढून घेतली.

पुढच्या सरावात ते झालंच. धुरकट सकाळ होती. इंजिनाचा आवाज त्या वळणापर्यंत आला, मग टायर किंचाळले आणि मग काहीच ऐकू येईना. शांतता किती वेळ होती ते मला सांगता येणार नाही. मी देवाचं नाव घेतलं नाही, आईचा चेहरा आठवला नाही. डोक्यात एकच होतं, स्प्रिंगा मी मऊ केल्या, मीच केल्या. मग रेडिओवर तिचा आवाज आला, ती गवतात उलट्या तोंडाने थांबली होती आणि ट्रॅकवर यायला जागा करून द्या म्हणत होती.

गाडी आली, ती सुखरूप होती. टीमप्रमुख म्हणाले, पुढच्या रविवारी दुसऱ्या ड्रायव्हरला बसवून बघू. मला मात्र त्या ड्रायव्हरसाठीही भीती वाटली.

तेव्हा कुठे मी तिचं म्हणणं भावाच्या कानांनी ऐकायचं सोडून नीट ऐकलं. उजवीकडे मागची बाजू सुटते आणि डावीकडे नाक वळत नाही. आराखडाच वाईट असता, तर दोन्हीकडे सारखाच वाईट असता. गाडीला डावं-उजवं कळत होतं, याचा अर्थ तिचं वजन चार चाकांवर नीट वाटलेलं नव्हतं. एक पाय उंच असलेलं टेबल जसं दोन कोपऱ्यांवर डुगडुगतं, तसं.

तिथेच, ट्रॅकवरच्या सपाट जमिनीवर, मी गाडीच्या नाकाच्या बरोबर मधोमध जॅक लावला आणि हळूहळू वर घेतला. दोन्ही पुढची चाकं एकदमच उचलली जायला हवी होती. डावं चाक जमिनीवरून सुटलं, हाताने गरागरा फिरायला लागलं, तरी उजवं जमिनीला चिकटूनच.

"आता बोला," बहीण टीमप्रमुखांना मराठीतच म्हणाली. त्यांना न समजण्यासारखं त्यात काही नव्हतं.

पण चारही चाकांचं वजन तर मानेसरच्या आमच्या टीमच्या शेडमध्ये काट्यांवर तोलूनच आम्ही गाडी जुळवली होती. चाकांखाली चार काटे ठेवतात, आकडे बघतात आणि स्प्रिंगा वर-खाली करतात. काटे बरोबर होते. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये जाऊन मी फरशीवर पातळी बघायची नळी लावली आणि चूक पायाखालीच सापडली.

ती शेड पूर्वी गाड्या धुवायची जागा होती. एका कोपऱ्यात मोरी आहे आणि तिथे फरशी उतरती केलेली आहे. हे आम्हाला माहीत होतं. गाडी दाराकडे तोंड करून उभी असायची, मागचं उजवं चाक त्या उतारावर यायचं, म्हणून त्या काट्याखाली आम्ही एक लोखंडी पट्टी कायमची चिकटवली होती आणि काट्यावर रंगाने लिहिलं होतं, 'मागचं उजवं'. मग दसरा आला. आई झेंडूचे हार घेऊन मेट्रो आणि मग रिक्षा करत मानेसरपर्यंत आली आणि म्हणाली, पूजेला गाडीचं तोंड पूर्वेकडे हवं. सगळ्यांनी मिळून गाडी वळवली. आईने चाकांना हळदकुंकू लावलं, लेकीवरून नारळ ओवाळला. गाडी तशीच पूर्वेकडे राहिली, कारण दाराजवळ टायर रचून झाले होते. आता उतारावर पुढचं उजवं चाक होतं, आणि पट्टी मात्र 'मागचं उजवं' या नावाखाली इमानदारीने सपाट जमिनीवर. त्या वाकड्या अंगणात आम्ही प्रत्येक आठवड्याला गाडी अगदी काटेकोरपणे वाकडी करत होतो.

आईला हे मी सांगितलं नाही. सांगणारही नाही. तिने पूजा केली ती पोरगी धडधाकट परत यावी म्हणूनच.

आम्ही फरशी नळीने मोजून, पट्ट्या नव्याने लावून गाडी पुन्हा तोलली. स्प्रिंगा आणि पंख मूळ जागी आणले. जॅकवर दोन्ही चाकं एकदम उचलली गेली. टीमप्रमुखांनी बहिणीला "सॉरी" म्हटलं आणि दुसऱ्या ड्रायव्हरला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं.

रविवारी गाडीत बसल्यावर तिने पट्टे आवळून घेतले. मी वाकून तिचा खांद्याचा पट्टा तपासत होतो.

"दादा, राइटला पाय उचलायची गरज नाही ना आता?"

जॅक मी पाहिला होता, काटे पाहिले होते. "नाही," मी म्हणालो.

पहिल्या दोन फेऱ्या तिने टायर गरम केले. तिसऱ्या फेरीत मी भिंतीला टेकून ऐकत होतो. त्या वळणाच्या तोंडाशी आवाज दर वेळी क्षणभर खाली यायचा. ती घाबरली आहे हे त्यावरून कळायचं, आणि खरं सांगतो, मला त्याचा आधार होता. घाबरलेली आहे म्हणजे सावध आहे, सावध आहे म्हणजे जिवंत आहे. या वेळी आवाज खाली आलाच नाही. तसाच चढा सूर धरून वळणात शिरला आणि पलीकडे निघाला. मागे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात भिंतीवर होते, ते उचलता येईनात.

ती आत आली तेव्हा घामाने निथळत होती आणि हसत होती. टीमप्रमुख वेळेचा आकडा ओरडून सांगत होते. मी विचारलं, भीती नाही वाटली?

"कशाला? तू म्हणालास ना."

ती पाणी प्यायली आणि पुन्हा आत बसली. मला तेव्हा कळलं, की मी चुकीचं सांगितलं असतं, तरी तिने पाय उचलला नसता.