मामांचा दुसरा डोळा

परवा सक्करदऱ्यात एका दुकानात भिजवलेल्या डिंकाचा वास आला आणि मामांच्या निवृत्तीचा समारंभ आठवला. मामा हिंगण्याच्या कारखान्यात सुपरवायझर होते. मुघल लघुचित्रं शिकणाऱ्या त्यांच्या मुलीनं डिंकात रंग खलून, खारीच्या केसांच्या कुंचल्यानं महिनाभर खपून त्यांचं चित्र काढलं होतं: झरोक्यात बसलेले मामा, हातात गुलाब, डोक्यामागं सोनेरी वलय. ते व्यासपीठावर ठेवायचं ठरलं होतं, पण मामांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "माहा दुसरा डोळा कुठं गेला वं? लोक म्हणतीन, कंपनीनं ठेवून घेतला! नाही ठेवायचं हे." पोरीचा चेहरा उतरला. "बाबा, बादशहाले असंच एका बाजूनं काढत." "काहून?" तिनं एकदा चित्राकडे बघितलं. "समोरून, दोन डोळे दाखवून काढत ते बाकीच्यायले. बादशहाले एकच." मामांच्या आठ्या गेल्या आणि चित्र व्यासपीठावर गेलं. तिचं म्हणणं कितपत खरं होतं, हे मी अजूनही पुस्तकांतून शोधतो आहे. समारंभाचा फोटो मात्र माझ्याकडे आहे. त्यात शाल-श्रीफळ देणारे सगळे साहेब कॅमेऱ्याकडे बघून हसताहेत आणि एकटे मामा मान पूर्ण वळवून, अत्यंत गंभीरपणे, मंडपाच्या खांबाकडे बघताहेत.