आत्याने ब्रेक मारला नव्हता

आत्या गेल्याची बातमी मला बाबांच्या आधी जीपवाल्यांच्या ग्रुपवरच्या कॅप्टनच्या मेसेजमधून कळली. मी हॉस्पिटलकडेच निघाले होते, रिक्षा खोपटला एसटी डेपोजवळ अडकली होती. फोन वाजला म्हणून पाहिलं, तर आत्याच्या जीपचा फोटो, खाली जोडलेले हात, आणि मजकूर... ‘आपल्या ग्रुपच्या पहिल्या लेडी ड्रायव्हर डॉ. नीता आपल्यात नाहीत. थोड्या घाबरट, पण मनाने मोठ्या.’ बाबांचा फोन त्यानंतर आला. त्यांचा आवाज ऐकून मी रडले, पण तोपर्यंत तो एक शब्द माझ्या डोक्यात जाऊन बसला होता. घाबरट. आत्या त्या ग्रुपमधून केव्हाच बाहेर पडली होती. मी मात्र राहिले होते, एक अक्षरही न लिहिता. तिथे काय बोलतात ते मला वाचायचं असायचं.

आत्या दातांची डॉक्टर. कळव्याला बाजाराच्या गल्लीत तिचा दवाखाना होता. उंची एवढी कमी की पेशंटच्या खुर्चीशेजारी तिने एक पाट ठेवलेला. बरोबरीचे लोक टिटवाळ्याला फ्लॅट बुक करत होते तेव्हा हिने एक जुनी फोर बाय फोर जीप घेतली. बाबांनी विचारलं, कशाला? तर म्हणाली, दिवसभर लोकांच्या तोंडात बघते, रविवारी जरा लांबचं बघू दे. मी शाळेत होते. इंग्लिश मीडियम, घरात मराठी, आणि दोन्हीकडे तोंड बंद. तिला ते आवडायचं. “ईशू, तू चल माझ्याबरोबर. माझे पेशंट तोंड बधिर केलं तरी बोलायचे थांबत नाहीत. तू बरी आहेस.”

त्या ग्रुपचा प्रमुख म्हणजे कॅप्टन. तो सैन्यात कधीच नव्हता. गाड्यांच्या रांगेचं नेतृत्व करतो म्हणून लोक कॅप्टन म्हणायचे, आणि त्याला ते नाव स्वतःच्या नावापेक्षा जास्त शोभतं असं वाटायचं. ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत ज्यांनी ज्यांनी जीप उंच करून घेतली, त्यांना कोणते टायर, कोणते दिवे, कोणते शॉकअप, सगळं तोच सांगायचा. चाकाचे दणके झेलणाऱ्या या शॉकअपच्या बाबतीत त्याचा नियम सोपा होता. गाडी उंच केली ना, मग मिळतील तेवढे लांब घ्या. झगझगीत रंगाचे, सगळ्यांना एकच. आत्याने स्प्रिंगचे कमानपाटे बदलून जीप वर घेतली तेव्हा तिलाही त्याने तेच सांगितलं. आत्या म्हणाली, बघते. तिच्या बघते म्हणण्याचा अर्थ पेशंटना बरोबर कळायचा. कॅप्टनला कळला नाही.

एका रविवारी आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये तिने जीपचे जुने शॉकअप काढून ठेवले. मग एका बाजूचं चाक जॅकने वर वर नेलं, चासीला लावलेल्या रबरी ठोकळ्याला खालचा अ‍ॅक्सल टेकेपर्यंत, आणि दुसऱ्या बाजूचं चाक पूर्ण लोंबकळू दिलं. दोन्हीकडे माप घेतलं. टेपचं एक टोक माझ्या हातात. शॉकअप लोंबकळत्या चाकाला पुरेल एवढा उघडला पाहिजे, हे सगळ्यांना सुचतं. पण तो मिटलाही पुरेसा पाहिजे, हे ती मला दोनदा सांगत होती. खड्ड्यात आदळल्यावर आधी रबराने मार खायचा. शॉकअप त्याआधीच पूर्ण मिटला, तर तो मधे लोखंडी दांडक्यासारखा उभा राहतो आणि जिथे बोल्टने धरलेला असतो तो कान फाडतो. तिच्या जीपला मधल्या लांबीचे, जरा मऊ शॉकअप बसत होते. तिने तेच मागवले. पुढच्या ट्रिपला कॅप्टन चहाच्या टपरीवर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “मॅडमनी दाढेची साइज घेतलीय वाटतं.” सगळे हसले. आत्याही हसली. मी नाही.

टिटवाळ्याच्या पुढे नदीकडे उतरणारी एक वाट आहे, शेवटी वळण आणि त्यापलीकडे पात्रातले मोठे खडक. त्या दिवशी बाकीच्या गाड्या वळून गेल्या होत्या. आम्ही हळूहळू उतरत होतो आणि सगळ्यांवर लक्ष ठेवायला म्हणून शेवटी राहिलेला कॅप्टन आमच्या मागे येत होता, वेगात. मला मागे वळून बघायची सवय आहे. मी बघत होते. त्याचं पुढचं चाक चरात गेलं, फटाक्यासारखा आवाज झाला, गाडी एका अंगावर आली आणि तिरकी घसरत येऊन आम्हाला मागून धडकली. त्याच्या शेजारी बसलेल्या सतीशकाकांचं मनगट मोडलं. आत्यानेच ओढणीने आणि एका पान्याने त्यांचा हात बांधला. लोक धावत आले तेव्हा कॅप्टन म्हणत होता की मॅडम घाबरल्या, उतारावर मध्येच ब्रेक मारला, मी काय करणार. मी म्हटलं, आत्याने ब्रेक मारला नाही. माझा आवाज तेव्हाही बारीकच होता. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. “बाळा, तू मोबाइलमध्ये होतीस.”

माझ्याकडे तेव्हा मोबाइल नव्हता.

सतीशकाका तोवर आत्याचे मित्र होते, पेशंटही. त्यानंतर त्यांनी, कॅप्टनचं खरं मानून, दवाखान्यात येणं सोडलं, ती समोर दिसली तर रस्ता बदलला. आत्याने एकदा फोन केला, त्यांनी उचलला नाही. ती मला एवढंच म्हणाली, “जाऊ दे गं. रोज दात उपटायचे असतात, भांडायला हातात जोर उरत नाही.” पण दिवाळीला दवाखान्यात फराळाचा डबा ठेवायची तेव्हा सतीशला चिवडा आवडायचा, असं दरवर्षी म्हणायची... तिने सोडून दिलं असेल. मी नाही दिलं.

डोंबिवलीच्या एका हॉलमध्ये ग्रुपने शोकसभा घेतली. कॅप्टन माईकवर होता. ब्रेकची गोष्ट त्याने पुन्हा सांगितली, आता गोड आठवण म्हणून, आणि लोक डोळे पुसत हसले. सतीशकाका खाली मान घालून बसले होते. मग त्याने आत्याच्या स्मरणार्थ त्याच वाटेने ट्रिप जाहीर केली. मला बाजूला घेऊन म्हणाला, जीप तू उतारापर्यंत आण, तिथून पुढे मी चालवतो, तुला जमणार नाही. मी मान हलवली. गप्प मुलीने मान हलवली की लोक त्याचा अर्थ होकार असाच घेतात.

जीप मी चालवत नेली, उतारावरूनही मीच. या लोकांचा एक रिवाज आहे. पात्रात पोहोचलं की एकेकाने पुढचं एक चाक मोठ्या खडकावर चढवायचं, गाडी तिरकी उभी करायची आणि फोटो काढायचा. पहिला मान अर्थात कॅप्टनचा. त्याने स्वतःच्या गाडीचं चाक चढवलं, दार उघडून पायरीवर उभा राहिला, कॅमेरे वर झाले. मी गुडघ्यावर बसून खाली बघितलं. जे असणार असं मला इतकी वर्षं वाटत होतं, ते तिथे होतं. तसाच लांब, झगझगीत शॉकअप. पूर्ण मिटलेला, आणि अ‍ॅक्सल अजून रबराला टेकलेलाच नव्हता. शॉकअपच्या वरच्या कानावर जाड पत्र्याचं ठिगळ, जुनं, गंजलेलं वेल्डिंग.

“काका, गाडी अशीच ठेवा,” मी म्हटलं. रबर आणि अ‍ॅक्सल यांच्यामधल्या फटीत दोन बोटं घातली, आणि ती तशीच ठेवून काय दिसतंय ते सांगितलं. मोठ्याने नाही. मोठ्याने बोलावं लागलं नाही, कारण फोटोसाठी सगळे गोळा झाले होते आणि मला बोलताना कोणी कधी ऐकलं नव्हतं. शेवटी म्हटलं, आत्याने ब्रेक मारला नव्हता. हा कान तुटला होता.

कॅप्टन हसला. म्हणाला, अगं, ते वेल्डिंग जुनं आहे, त्याचा काय संबंध.

“किती जुनं?” सतीशकाकांनी विचारलं. ते खाली वाकले होते, मनगट मोडलं होतं त्याच हाताची दोन बोटं त्यांनी फटीत घातली. “त्या धडकेनंतर महिनाभर तू गाडी काढली नव्हतीस. बंपरचं काम आहे म्हणालेलास मला.”

सतीशकाका उठले. “अरे, मी तिच्याशी बोललो नाही रे... शेवटपर्यंत.” एवढंच म्हणाले आणि पाण्याकडे निघून गेले. कॅप्टन पायरीवरून उतरेना, गाडीही खाली घेईना. कोणीतरी अजून शूटिंग करत होतं. मी ते थांबवू शकले असते. थांबवलं नाही.

नंतर त्याच्या बायकोचा फोन आला. झालं ते झालं, वय झालंय त्यांचं, आता वाढवू नकोस. मी ऐकून घेतलं. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना मन निवळलेलं असावं म्हणतात. माझं निवळलेलं नाही. कॅप्टन दर रविवारी चहाबरोबर ही पुरवणी वाचतो, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच मी हे इथे लिहिलं, आणि मराठीत लिहिलं. वाचा, काका. सावकाश वाचा.

कळव्याचा गाळा आता परत केला. तिथून मी फक्त गॉजचं एक खोकं घरी आणलं. ट्रिपहून आलं की आत्या जीपखाली सरपटत जायची आणि प्रत्येक शॉकअपचा दांडा गॉजने पुसायची, हलक्या हाताने, हिरडी पुसावी तशी. तेलाचा डाग आला म्हणजे आतलं सील गेलं. मग खालून फक्त तिचा हात बाहेर यायचा, गॉज मी घ्यायचा, उजेडात धरायचा आणि सांगायचं. आत्याच्या स्मरणार्थ गेलो त्या दिवशी नदीवरून आल्यावर मी पार्किंगमध्ये चटई टाकली आणि पहिल्यांदाच स्वतः खाली गेले. पहिला दांडा पुसला, आणि सवयीनेच हात बाहेर काढला. तो तसाच राहिला थोडा वेळ. समोरच्या बिल्डिंगमध्ये कोणीतरी कुकर लावला होता, शिट्टी झाली... मग मी हात आत घेतला, मोबाइलचा टॉर्च लावला, नीट बघितलं, आणि तिथेच, जीपच्या पोटाखाली, जरा मोठ्याने म्हटलं, “कोरडा आहे गं.” अजून तीन पुसायचे होते.