सगुणा आत्या आणि दगडावरची दोन नावं

निरोप घेऊन आला तो एसटीचा कंडक्टर. राहुरीकडून नगरला येणाऱ्या दुपारच्या गाडीवर असतो, आमच्या गावचा जावई आहे. ऑफिसच्या दारात उभा राहून टोपी काढून म्हणाला, “वसंतराव, तुमच्या आत्याबाई गेल्या. पहाटं. झोपेतच.” मी टेबलावरचे कागद आवरले, रजेचा अर्ज लिहिला आणि त्याच्याच परतीच्या गाडीत बसलो. वाटेत मला रडू आलं नाही. उलट, लिहायला संकोच वाटतो, पण सुटल्यासारखं वाटत होतं... आजारपण लांबलं नाही म्हणून नव्हे. गेल्या नोव्हेंबरच्या आत ती गेली असती तर एक काम कायमचं अडकलं असतं, आणि त्याची टोचणी आम्हा सगळ्यांना राहिली असती. ते काम तिनं स्वतः उभं राहून करून घेतलं होतं. आता दीड महिना झाला, तरी मनात पहिल्यांदा येतं ते हेच.

सगुणा आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. वय नक्की कोणालाच ठाऊक नव्हतं. पहिल्या महायुद्धाच्या वेळी ती नुकती सासरी नांदायला आली होती, त्यावरून पंचाहत्तरच्या आसपास धरायला हरकत नाही. सासर गावातच. नवरा पलटणीत भरती झाला, लढाईवर इराकात बसऱ्याला गेला आणि तिकडेच कामी आला. मूलबाळ नव्हतं. घरात दोघीच उरल्या, आत्या आणि तिची सासू. लढाईवर जाण्याआधी नवऱ्यानं आणि आत्यानं बाप्तिस्मा घेतला होता. सासूनं घेतला नाही. त्याचं जन्माचं नाव कोंडीराम, बाप्तिस्म्याचं शमुवेल. पलटणीच्या दप्तरी कोंडीराम, चर्चच्या दप्तरी शमुवेल. आमच्या भागातल्या त्या काळच्या बहुतेक ख्रिस्ती घरांत अशी दोन-दोन नावं असत, आणि त्यावाचून कोणाचं काही अडत नसे.

अडलं ते दगडामुळे. लढाई संपल्यावर त्या वेळच्या गोऱ्या पाद्रीसाहेबांनी चर्चच्या भिंतीत एक घडीव काळा दगड बसवायचं ठरवलं. गावातून लढाईवर जाऊन परत न आलेल्यांची नावं त्यावर कोरायची. नावं साहेबांनी स्वतःच सांगितली. त्यांनीच बाप्तिस्मे दिले होते, त्यामुळे आत्याच्या नवऱ्याचं नाव शमुवेल भागाजी असं कोरलं गेलं. पाथरवट चर्चच्या आवारातच काम करत बसे. एके दिवशी आत्याची सासू त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. “माज्या लेकाचं नाव दाव.” त्यानं भागाजी हे नाव पाहून शमुवेलवर बोट ठेवलं. म्हातारी म्हणाली, “ह्यो कोन शमुवेल? म्या न्हाई जलम दिला त्याला. माजा कोंडीराम गेलाय. लिव्ह कोंडीराम.” पाथरवट गावातलाच, म्हातारीचा मुलगा गेला हे त्याला माहीत होतं; म्हातारी नाही म्हणते तर वरचा शमुवेल दुसऱ्या कोणा भागाजीचा असेल असं त्याला वाटलं. यादीत एक नाव राहून गेलं असेल असं समजून त्यानं खाली कोंडीराम भागाजी कोरून टाकलं. साहेब दौऱ्यावरून परतले तेव्हा दगड पुरा झाला होता. त्यांनी म्हणे कपाळाला हात लावला आणि म्हणाले, राहू द्या.

तेव्हापासून आमच्या दगडावर एक माणूस दोनदा आहे. दुसऱ्या महायुद्धातली नावं खाली भरली आणि दगडावरची जागा संपली. नावं बारा, माणसं अकरा. मी चर्चचा हिशेब पाहायला लागलो तेव्हा पहिल्यांदा ही बेरीज केली, आणि ती मला अनेक वर्षं खुपत राहिली, हे कबूल करायला हवं.

नोव्हेंबरात एका रविवारी ही नावं मोठ्यानं वाचतात. ही रीत बसऱ्याहून परतलेल्या एका हवालदारानं घालून दिली. पलटणीत हजेरी घेतात तशी घ्यायची. नाव पुकारलं की त्या घरच्या माणसानं उभं राहून “हजर” म्हणायचं. शमुवेल भागाजी पुकारलं की आत्या उठायची. कोंडीराम भागाजी पुकारलं की बाहेरून, दाराशी असलेल्या लिंबाखालून आवाज यायचा, “हजर हाय!” म्हातारी आत पाऊल टाकत नसे, पण हजेरी तिनं कधी चुकवली नाही. मी लहान होतो, आणि तो आवाज इतका खणखणीत असे की आम्ही मुलं वर्षभर तिची नक्कल करायचो. घरी मात्र दोघी एकमेकींशी कामापुरतंच बोलत. आत्या म्हणायची, “आमचं भांडन न्हवतं रं. तिचा ल्योक गेलेला, माजं धनी गेलेलं. दोन मयतं एका घरात, बोलायचं काय?” म्हातारीचं शेवटचं दुखणं मात्र आत्यानंच काढलं. आणि म्हातारी गेल्यावर पहिल्याच नोव्हेंबरात, कोंडीराम पुकारल्यावर जी शांतता झाली तीत आत्या दुसऱ्यांदा उठली आणि सासूसारखंच, तितक्याच मोठ्यानं म्हणाली, “हजर हाय!” त्यानंतर ती दरवर्षी दोनदा उठत राहिली.

यातून गमतीही झाल्या. काही वर्षांपूर्वी नगरच्या छावणीतले एक अधिकारी पाहुणे म्हणून आले होते. आमचे पाळक नवीन होते, त्यांनी काही सांगितलं नव्हतं. पाहुण्यांनी दगड वाचला, आत्याला दोनदा उठताना पाहिलं, आणि भाषणात गहिवरून म्हणाले की या माउलीच्या घरातले सख्खे दोघे भाऊ देशासाठी पडले. मग त्यांनी आत्याच्या खांद्यावर शाल घातली. आत्या माझ्या कानाशी कुजबुजली, “अरं वसंता, सायबाला सांग, दोन न्हाईत रं.”

“आता भाषण झालंय, आत्या. गप्प बस.”

“मग ह्या शालीचं काय करू? अर्धी माघारी देऊ?”

ती शाल तिनं शेवटपर्यंत वापरली. थंडीत पांघरताना म्हणायची, “ही दिराची.” नसलेल्या दिराची!

एकाहत्तरच्या डिसेंबरातल्या लढाईत आमच्या गावचा अशोक गेला. सोनाबाईचा एकुलता एक. सोनाबाई दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जाणारी, अक्षरशत्रू, फार न बोलणारी बाई. ती उन्हाळ्यात मंडळीच्या बैठकीला आली आणि एवढंच म्हणाली की अशोकचं नाव दगडावर घाला. जागा नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. चारही बाजूंनी कोरीव काठ आहे. दुसरा दगड बसवू, असं कोणीतरी म्हणालं. दुष्काळाचं वर्ष, त्यासाठी वर्गणी कोणाकडे मागायची हा प्रश्न होताच, पण सोनाबाईनंच मान हलवली. “दुसऱ्या दगडावर एकटाच पडंल त्यो. सगळ्यांच्यात असू द्या.” मग हळूहळू एकेकाची नजर माझ्याकडे वळली. बारा नावं आणि अकरा माणसं, हे मीच कधी तरी सगळ्यांना सांगितलं होतं. एक नाव जादा आहे, ते उतरवलं तर अशोकला जागा होते. पण सगुणाबाईंना विचारायचं कोणी?

विचारलं मी. ती चुलीपुढे भाकरी थापत होती. मी सगळं नीट, क्रमानं सांगितलं. ती ऐकत होती, पण परातीतला हात थांबला नाही. शेवटी म्हणाली, “सोनाबाईला म्हनावं, नोव्हेंबरापत्तुर धीर धर. मला इचार करू दे.”

जून गेला, पाऊस नीट झालाच नाही, ऑगस्ट गेला. मी दर शनिवारी गावी जात होतो आणि दर वेळी ती दुसऱ्याच गोष्टी काढत होती. तिला दम लागायला लागला होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन हृदयाचं सांगितलं. माझी अडचण दुहेरी होती. तिला घाई करावी तर तिचं मन मोडणार. न करावी आणि मध्येच काही झालं, तर तिच्या माघारी तिच्या माणसाचं नाव तासून काढायला कोणाचाच हात धजणार नाही, आणि सोनाबाईचा अशोक बाहेरच राहील. सोनाबाई वाटेत भेटली की काही विचारत नसे, फक्त पाहायची... तेच जास्त जड जायचं. एका गोष्टीबद्दल मात्र पाळकांसह आम्हा सगळ्यांची खात्री होती, की आत्या तयार झालीच तर उतरेल ते खालचं नाव. चर्चच्या भिंतीवर बाप्तिस्म्याचं नाव राहणार, यात विचारण्यासारखं काय होतं?

हजेरीच्या रविवारच्या आदल्या आठवड्यात तिनं निरोप पाठवला, पाथरवटाला बोलाव. पहिल्या पाथरवटाचा नातू तो. दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होता, एक दिवस सुट्टी काढून आला. पाळक होते, मी होतो, सोनाबाई दारात उभी होती. पाळकांनी कोंडीराम भागाजीवर बोट ठेवलं. पाथरवटानं छिन्नी टेकवली.

“ते न्हाई,” आत्या म्हणाली. “वरचं.”

आम्हाला कळेना. आमच्याकडे त्या पिढीतली बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. आत्यानं दोन्हींपैकी एकही नाव जन्मात उच्चारलेलं नव्हतं. ती पुढे झाली आणि तिनं शमुवेलवर हात ठेवला. “हे काढा.”

पाळक म्हणाले, “अहो आजी, हे बाप्तिस्म्याचं नाव आहे. हेच तर त्यांचं खरं नाव.”

“व्हय. आन् म्याच निवडल्यालं हाय. त्यास्नी तीन नावं सांगितली हुती, म्या हे धरलं.” ती थोडी थांबली, दम घेतला. “पन पाळकसाहेब, देवाला दोनी नावं ठावं हायत. माज्या सासूला एकच येत हुतं.”

पाळक बाजूला झाले. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून उगीच पुसला. पाथरवटानं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. दगड जुना आणि कठीण, तास-दीड तास लागला. आत्या बाकावर बसून शेवटपर्यंत पाहत होती. दगडाची भुकटी खाली पडत होती आणि सोनाबाई दारातूनच तोंडाला पदर लावून रडत होती. आत्या तिला म्हणाली, “अगं, आत ये. तिथं हुबं ऱ्हायाची रीत माज्या सासूबरं गेली.” शमुवेलच्या जागी, थोड्या खोलगट झालेल्या दगडात, अशोकचं नाव बसलं. अनुक्रमाला धरून नाही. बसऱ्याच्या लोकांमध्ये परवाच्या लढाईतला पोरगा आला. एरवी अशी गोष्ट मला चालली नसती. पण नावं बारा आणि माणसं बारा, ही बेरीज मनात केली तेव्हा मला जे बरं वाटलं त्याचं कारण आकडा नव्हता.

घरी परतताना आत्या माझ्या हाताला धरून चालत होती. मी विचारलं, “एवढे महिने घेतलेस. कुठलं ठेवायचं ते ठरत नव्हतं का?”

“ते तर तू सांगितलंस तवाच ठरलं हुतं.”

“मग?”

“वरसातनं एक डाव ते नाव कानावर पडायचं. कोनीतरी मोठ्यानं म्हनायचं, मला ऐकू यायचं. आता कोन म्हननार? त्याची सव करून घेत हुते.” मग कुंपणाशी ती थांबली. मला वाटलं, दम लागला. ती हळूच म्हणाली, “शमुवेल.” पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं. मग माझ्याकडे बघून एखाद्या मुलीसारखी लाजली. “दगडावर न्हाई ऱ्हायलं, तवा तोंडात असू दे. कोन काय म्हननार हाय या वयात?”

त्यानंतरचे तिचे महिने मी पाहिलेल्यांत सर्वांत हलके होते. त्या रविवारी ती एकदाच उठली, आणि सोनाबाई तिच्या शेजारून उठली. घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला ती शमुवेलच्या गोष्टी सांगायला लागली. कधी ऐकलेल्या नव्हत्या. त्याला पोहता येत नव्हतं, तो जहाजाला भ्यायचा, तिच्या हातचं पिठलं त्याला आवडायचं नाही आणि तरी तो खायचा. नाव घेताना दर वेळी जरा अडखळायची, मग हसायची. माझी बायको एकदा म्हणाली, “आत्याबाई, आता तर तुमचा उखाणाच बाकी राहिलाय.” आत्यानं तिला पाठीत धपाटा घातला.

मातीच्या दिवशी गर्दी झाली. सगळं उरकल्यावर मी चर्चमध्ये बसलो होतो. सोनाबाई आली, दगडापुढे उभी राहिली आणि मला म्हणाली, “भाऊ, कोंडीराम कुठलं ते दावा.”

मी उठून दाखवलं. तिनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मग खालून वर अशोकपर्यंत किती ओळी आहेत ते बोटानंच चाचपून पाहिलं.

“मला वाचाया येत न्हाई. पुकारत्याल तवा कळंल, पन आधी ठावं असल्यालं बरं. त्यांच्या घरचं आता कोन न्हाई. म्या उठनार.”

“दोनदा उठावं लागेल,” मी म्हणालो.

“उठंन की.” ती दगडाकडेच पाहत होती. “मोठ्यानं म्हनायचं ना? लिंबाखालनं म्हनल्यावानी?”

“हो. मोठ्यानं.”

तिनं आवाज लागतो का ते पाहिल्यासारखा घसा साफ केला. रिकाम्या चर्चमध्ये तेवढंच घुमलं.