लोटाभर दूध

साळूबाई तोंडाळ आहे, असं महाडात सगळेच म्हणतात. म्हणू देत. ती वेळेवर तोंड उघडते म्हणून कितीजण धड घरी गेले, ते कुणी मोजत नाही.

पोलादपूरच्या वरच्या धनगरवाडीतली ही बाई महाडला दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. अवजारं उकळायची, घाबरलेल्याचा हात धरायचा, आणि गुंगीचं इंजेक्शन दिलं की पेशंटच्या छातीवरून नजर हलवायची नाही, हे तिचं काम.

२००३च्या उन्हाळ्यात तिच्या वाडीचा महिपत दाढ काढायला आला. सुई बघूनच घाम फुटणारा गडी. गुंगी द्यायची म्हणून डॉक्टरांनी आदल्या दिवशीच उपाशी यायला बजावलं होतं. सकाळी नऊला विचारलं, काही खाल्लंस का? तो नाही म्हणाला. डॉक्टरांनी सुई भरली.

महिपतच्या सदऱ्याला म्हशीचा वास येत होता. साळूबाईनं विचारलं, "धार काढून आलास नं? दूध किती प्यालास?"

"लोटाभर. सात वाजता. पन खाल्लं नाय कायपन."

वाडीवर दूध खाण्यात धरत नाहीत. धार काढताना तोंडाला लावलेला लोटा म्हणजे पाणी प्याल्यासारखाच. गुंगीत तेच दूध उलटून श्वासात गेलं तर माणूस जातो. पण डॉक्टर म्हणाले, एवढ्याशा दुधानं काय होतंय, बाहेर सहाजण ताटकळलेत. त्या सहांतला एक मी, उघड्या दाराशीच बसलेलो. त्या बोलण्याचा मला अजून संताप येतो.

साळूबाईनं सुईचा ट्रे उचलून छातीशी धरला. सहा तास झाल्याशिवाय देणार नाही म्हणाली. डॉक्टरांनी नोकरीवरून काढायची धमकी दिली. वर म्हणाले, तुम्हा वाडीवरच्यांना लपवायची सवयच असते.

तिथं ती पेटली. तिचा धाकटा भाऊ हैबती असाच गेला होता, दुसऱ्या गावी, दुसऱ्याच डॉक्टरच्या खुर्चीत. कागदावर लिहून दिलं होतं, रुग्णाने माहिती लपवली.

"माजा भाव खोटं नाय बोलला," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण ट्रे तिनं सोडला नाही. "त्याला दूध कुनी इचारलंच नाय."

डॉक्टरांनी हातमोजे काढून ठेवले. महिपतची दाढ दुपारी दीडला निघाली.

दुसऱ्या दिवसापासून डॉक्टर प्रत्येकाला आधी दुधाचं विचारू लागले. चांगलंच झालं. फक्त हैबतीला बारा वर्षं उशीर झाला.