‘व इतर’मधले चाचा

खरं सांगा, आजवर तुम्ही जेवढे ऑर्केस्ट्रा ऐकलेत, त्यांतल्या एका तरी बेस गिटारवाल्याचं नाव तुम्हाला आठवतं का? गायक आठवेल. निवेदकाचे विनोद आठवतील, विसरावेत असेही. ढोलकीवाल्याने मध्येच घाम पुसला होता, तेही आठवेल. पण मागे, ड्रमच्या आडोशाला, चार जाड तारांची लांबलचक गिटार घेऊन उभा असलेला माणूस? नाही ना. मलाही आठवत नसे. आणि मी श्रमाच्या प्रतिष्ठेवर बाराव्या वर्षी भाषण ठोकलेली मुलगी.

फ्रीजवाले चाचा तळहाताने ऐकायचे. ऐन उमेदीची वर्षं ऑर्केस्ट्रात बेस वाजवत स्पीकरशेजारी काढल्यामुळे त्यांच्या कानांनी बारीक आवाजांवर पाणी सोडलं होतं. जाड आवाज तेवढे हाताला कळायचे. मंडईच्या मागच्या बोळात त्यांचं फ्रीज दुरुस्तीचं दुकान होतं. कोणी फ्रीज आणला की ‘काय झालं’ असं ते विचारत नसत. दारावर हात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, “कॉम्प्रेसर थकलाय.” किंवा, “फ्रीज चांगला आहे. घरात भांडणं होतात, त्यात दार आपटलं जातं.” गिऱ्हाईक खाली बघायचं.

आमची ओळखही त्या हातामुळेच झाली. सदाशिव पेठेत केळकरकाकूंच्या घरातली एक खोली मी भाड्याने घेतली होती. भिंतीपलीकडे काकूंचं स्वयंपाकघर. एका दुपारी दार वाजलं. दारात काकू, आणि त्यांच्यामागे पान्ह्यांची पिशवी घेतलेले एक सडपातळ म्हातारे गृहस्थ.

“अगं, आठ दिवस माझा फ्रीज घुमतोय,” काकू म्हणाल्या. “म्हणून यांना बोलावलं. यांनी भिंतीला हात लावला आणि म्हणाले, फ्रीज ठणठणीत आहे, बिघाड शेजारच्या खोलीत आहे.”

त्या गृहस्थांनी माझ्या पलंगावर पडलेल्या गिटारकडे पाहिलं. “बेस आहे,” ते म्हणाले. “चारही तारा उतरल्यात. काकू, तुमचा फ्रीज यापेक्षा सुरात आहे.”

“मग दुरुस्त होईल का?” काकूंनी विचारलं.

“गिटार होईल.” त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “बाकीचं बघावं लागेल.”

ती गिटार माझ्याकडे कशी आली, तेही सांगते. माझं बालपण पत्रकांवर गेलं. बाबा इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांच्या संघटनेचं काम करतात. उरलेल्या पत्रकांची माझ्या वह्यांना कव्हरं असायची, डब्यातली चपाती पत्रकातच गुंडाळलेली असायची. अक्षरांच्या आधी मला उद्गारचिन्ह ओळखता यायला लागलं, असं आई म्हणते. पुण्यात शिकायला आले आणि पहिल्याच आठवड्यात चळवळीची गाणी म्हणणाऱ्या एका पथकात शिरले. मला पुढे उभं राहून माइक धरायचा होता. पण पथकात गाणारे चार, साधी गिटार वाजवणारे तीन, आणि सगळ्यांना उभं राहायचं होतं पुढेच. कोणाचा तरी भाऊ जर्मनीला जाताना एक बेस गिटार सोडून गेला होता, तिला कोणी हात लावेना. ज्या बैठकीला मी तापामुळे गेले नाही, त्याच बैठकीत ती एकमताने माझ्या गळ्यात पडली. मी लेखी निषेध नोंदवला. निषेधही एकमताने स्वीकारण्यात आला, आणि गिटार माझ्याकडेच राहिली.

दुसऱ्या दिवशी मी ती घेऊन चाचांच्या दुकानात गेले. त्यांनी एक जुना फ्रीज चालू केला, त्याला गुडघा टेकवला आणि माझी सगळ्यात बारीक तार पिळत पिळत त्या घुंईऽऽ आवाजापाशी आणली. “याच्यापेक्षा किंचित खाली ठेवायची,” ते म्हणाले. “सगळ्या फ्रीजचा सूर एकच असतो. वीजखातं घरपोच देतं. तानपुरा कशाला सांभाळू?” त्यामुळे लाइट गेली की आमची शिकवणीही संपायची. “सूर गेला. घरी जा.”

पहिल्या दिवशी त्यांनी मला एक स्वर दाखवला आणि चार मोजत वाजवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तोच. आठवड्याने मी विचारलं, “चाचा, या महिन्यात किती स्वर होतील?”

“एक.”

“आणि पुढच्या महिन्यात?”

“तोच. जरा बरा.”

खुश असले की मी ‘बेटा’ आणि ‘तू’ असायची. रागावले की ‘आपण’ आणि ‘अहो’. पहिल्या महिन्यात मी बहुतेक वेळ ‘आपण’च होते. बोटांना फोड आले, तेव्हा मला कोण अभिमान वाटला! कष्टकऱ्यांच्या हाताशी आपल्या हाताचं नातं जुळलं, अशा अर्थाच्या दोन ओळी लिहून मी फोडांचा फोटो पथकाच्या ग्रुपवर टाकला आणि चाचांनाही दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला. “अहो, आपण तार फार दाबता. त्याचे हे फोड आहेत. कष्टकरी कमी दाबतो, त्याला उद्याही काम असतं.”

माझा खरा आजार मात्र घाई हा होता. गाण्यात अन्यायाची ओळ आली की माझी लय वाढायची, आणि आमच्या गाण्यांत अन्यायाशिवाय दुसरं काही नसायचं. चाचांनी त्यावर उपाय काढला. मीच लिहिलेलं पत्रक समोर फ्रीजला चिकटवायचं, आणि लय न बदलता वाजवता वाजवता ते मोठ्याने वाचायचं. सुरुवातीला त्यांनी ते स्वतः नजरेखालून घातलं, बोटाने काहीतरी मोजलं. “एका पानात एकोणीस उद्गारचिन्हं,” ते म्हणाले. “लग्नात एवढे फटाके लावत नाहीत, बेटा. एवढं ओरडल्यावर माणूस वाचेल कधी?” त्या महिन्यात माझी लय फारशी सुधारली नाही, पत्रकं मात्र सुधारली.

मग पहिला कार्यक्रम आला. कंत्राटी सफाईचं काम करणाऱ्या बायकांची सभा, स्वारगेटजवळच्या एका पटांगणात. आमची गायिका वैदेही जोरात होती, तीनही गिटारी खणखणत होत्या, आणि त्या सगळ्यांच्या खाली मी माझे चार स्वर इमानाने ओढत होते. दुसरं कडवं संपलं. गर्दीतून कोणीतरी आरोळी दिली, “इन्किलाब...” आणि माझ्या उजव्या हाताने, मला न विचारता, गिटार सोडून मूठ वर केली. “झिंदाबाद!” मी सगळ्यांत मोठ्याने ओरडले. हा हात पाळण्यापासूनच तसा वर जातो, त्याला काय ठाऊक, आता त्याच्याकडे दुसरं काम आहे?

बेस थांबला आणि गाण्याखालची जमीन गेली. ढोलकी अडखळली, वैदेही अर्धी मात्रा आधी शिरली, गिटारवाले एकमेकांकडे बघू लागले, आणि आमचं एकजुटीचं गाणं तीन वेगवेगळ्या ठिकाणी संपलं. खाली उतरले तर पुढच्या रांगेतल्या एका मावशींनी काळजीने विचारलं, “मधी लाइट गेलती का गं?”

दुसऱ्या दिवशी आत्मपरीक्षणाची बैठक झाली. परीक्षण सगळ्यांनी माझंच केलं. “हे बघ, राग मानू नकोस,” वैदेही म्हणाली. “पुढच्या सभेत परत हात वर गेला, तर बेस आपण मोबाइलवरून लावू. एका अ‍ॅपमध्ये तयार मिळतो.”

“माणसाच्या जागी यंत्र?” मी उभीच राहिले. “आणि तेही आपल्या पथकात?”

“यंत्र घोषणा देत नाही ना पण.”

तशीच तणतणत मी दुकानात गेले. चाचांनी सगळं ऐकून घेतलं. हसतील असं वाटलं होतं, पण ते हसले नाहीत. उठले आणि फळीवरून एक पत्र्याचा डबा काढला. आत त्यांच्या ऑर्केस्ट्राची जुनी जाहिरातपत्रकं होती. गायक-गायिका फोटोसकट. निवेदकाच्या नावामागे तीन बिरुदं. ध्वनी, प्रकाश, मांडव, सगळ्यांची नावं. आणि अगदी तळाशी ‘व इतर’. प्रत्येक पत्रकावर त्या दोन शब्दांखाली बॉलपेनने रेघ मारलेली होती, आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं: हा मी.

“एकदा मालकांनी नवा कीबोर्ड आणला,” चाचा म्हणाले. “कीबोर्डवाला उजव्या हातानं गाणं वाजवायचा आणि डाव्या हातानं माझा बेस. दुसऱ्या दिवसापासून मला बोलावलं नाही. एका डाव्या हातानं काढलं मला. तेव्हापासून फ्रीज.” त्यांनी डबा बंद केला. “तुझ्या जागी फोन येता कामा नये, बेटा. आण ती गिटार.”

बाबांच्या पत्रकांतही नावं नसतात. खाली ‘समस्त कामगार’ एवढंच. मला त्याचा अभिमान होता, अजूनही आहे. पण त्या डब्यापाशी मला पहिल्यांदा कळलं की ‘समस्त’ आणि ‘व इतर’ यांत फरक आहे. ‘समस्त’मध्ये सगळे येतात. ‘व इतर’ लिहिणाऱ्याला नाव माहीत असतं, तरी कागद बरोब्बर त्याच माणसापाशी संपतो.

पुढचे पंधरा दिवस त्या बोळाने काय काय पाहिलं! चाचांनी फ्रीजच्या दाराचं जुनं रबर कापून माझं उजवं मनगट गिटारच्या पट्ट्याला बांधलं. तार छेडता येईल एवढी ढील, मूठ वर जाणार नाही एवढा ताण. मी वाजवायला लागले की ते सहा फ्रीजच्या मधोमध उभे राहून खच्चून ओरडायचे, “इन्किलाब!” माझा खांदा उसळायचा, रबर ताणलं जायचं. समोरचा कांदेवाला मात्र मोकळा होता. तो रोज न चुकता “झिंदाबाद!” म्हणायचा आणि मग विचारायचा, “चाचा, मोर्चा कधी आहे? मला सुट्टी सांगावी लागेल.”

“चाचा, घोषणा द्यायचीच नाही का मग?” मी एकदा रडकुंडीला येऊन म्हणाले. “हे तत्त्वात बसत नाही माझ्या.”

“घोषणा ज्यांचे हात रिकामे आहेत ते देतील,” ते म्हणाले. “तुझा हात कामावर आहे.”

दुसऱ्या सभेचं पत्रक मी लिहिलं. उद्गारचिन्ह एकच. खाली गाणाऱ्या-वाजवणाऱ्या सगळ्यांची नावं, आणि ‘बेस गिटारचे शिक्षक’ म्हणून चाचांचं पूर्ण नाव. व्यक्तिपूजा वगैरे म्हणत पथकात दोन तास वाद झाला. मी मागे हटले नाही. चाचांना पत्रक दिलं तेव्हा त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं, मग उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

“यात ‘व इतर’ नाही?”

“नाही. सगळ्यांची नावं आहेत.”

“हं. म्हणून लांबलंय.” त्यांनी त्याची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. डब्यात टाकलं नाही.

सभेला ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. आयुष्यभर रंगमंचाच्या मागच्या बाजूला उभा राहिलेला माणूस, समोर कुठे बसायचं हेच त्यांना कळेना. शेवटी स्पीकरजवळ उभे राहिले आणि त्याच्या लाकडी खोक्यावर तळहात टेकवला. दुसरं कडवं संपलं. गर्दीतून आरोळी आली, “इन्किलाब...” मनगटाला आज रबर नव्हतं. माझा खांदा उसळला. मी चाचांच्या हाताकडे पाहिलं. तो खोक्यावर होता, वाट बघत. शेकडो मुठी वर गेल्या, आणि माझी एकटीची बोटं खाली चार मोजत राहिली. गाणं उभं राहिलं, आणि संपलंही एकाच ठिकाणी.

सगळ्यांनी वैदेहीला गराडा घातला. त्या मावशी परत भेटल्या. म्हणाल्या, “आज लाइट गेली न्हाई, बरं झालं.” मोबाइलचा विषय पुन्हा निघाला नाही. मी चाचांकडे जाऊन कुरकुरले, “माझ्याबद्दल कोणी एक शब्द बोललं नाही.”

“एकही नाही?”

“एकही नाही.”

“मुबारक हो,” चाचा म्हणाले, आणि पहिल्यांदा मोकळे हसले.

त्यानंतर काही महिन्यांनी गुडघ्यांनी असहकार पुकारला, आणि चाचा दुकान बंद करून मुलीकडे सोलापूरला गेले. मी फोनवर त्यांना माझं वाजवणं ऐकवायचे. फोनमधून बेस नीटसा जात नाही, आणि जे काही बारीकसं जातं ते त्यांना ऐकू येत नव्हतं. म्हणजे ते अख्खं गाणंभर शांतता ऐकायचे. मग म्हणायचे, “छान. घाई केली नाहीस.”

पावसाळ्यात ते गेले. मुलीने सोलापूरच्या वर्तमानपत्रातलं कात्रण पाठवलं. शब्बीर मेहबूब तांबोळी यांचं वृद्धापकाळाने निधन, जुने फ्रीज मेकॅनिक, त्यांच्या पश्चात मुलगी, जावई, दोन नातवंडं व इतर परिवार. मी बॉलपेन घेतलं, ‘व इतर’खाली रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: ही मी.

आता माझी तुमच्याकडे एक मागणी आहे. उद्गारचिन्हाशिवाय करते. पुढच्या वेळी कुठल्याही मांडवात, लग्नात, गणपतीत गाणं ऐकायला गेलात, तर कार्यक्रम संपल्यावर गायकाबरोबर फोटो काढायच्या आधी मागे ड्रमच्या आडोशाला जा. तिथे एक माणूस वायर गुंडाळत असेल. टाळ्या वाजवू नका, तो दचकेल. त्याला पूर्ण नाव विचारा, आणि घरी पोचल्यावर ते कोणाला तरी सांगा.