राखाडी चौकट

घोडेगावला जनावरांच्या बाजारामुळे रस्ता तुंबला होता, म्हणून एसटी येईपर्यंत मी एका कॉम्प्युटरच्या दुकानात टेकलो. शेजारी चाळिशीचा एक माणूस ऑनलाइन फाशांच्या खेळासाठी मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या छोट्या आज्ञा, लिहीत होता. फासा पडला की पडद्यावर निकालाची चौकट उमटे. घाव बसला की लाल, जखम भरली की हिरवी. दर वेळी चष्मा कपाळावर चढवून तो ती जवळून न्याहाळी आणि अक्षरं जरा ठळक करी.

शेवटची चौकट राखाडी होती, खेळातला गडी मेल्यावर येणारी. तिच्यात त्यानं लिहिलं, 'येतो.'

"इथं 'मेला' हवं ना?" मी विचारलं.

"न्हाई," तो पडद्याकडंच बघत म्हणाला. "माझा दोस्त तुमच्याच खुर्चीत बसून खेळायचा. त्या दिवशी उठताना 'जातो' म्हनला. खेळाच्या नादात मी त्याला 'येतो म्हन' असं टोकलं न्हाई. फाट्यावर टेम्पोनं उडवला त्याला."

एसटीचा हॉर्न वाजला. उठताना मी मुद्दाम मोठ्यानं म्हणालो, "येतो."

त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली.

घोडेगावला मी पुन्हा कधी गेलो नाही.